पत्र्याच्या पलीकडची बाजू

सोयाबीनची सोंगणी झाली की अनसिंगच्या हवेला एक कोरडा, किंचित तेलकट वास येतो. शेंगा उन्हात तडकतात. कुटाराची, म्हणजे मळणीच्या भुशाची, धूळ दारं-खिडक्यांच्या फटींतून आत शिरते आणि दोरीवर वाळत घातलेल्या साडीच्या घडीतही सापडते. यंदाही दिवाळीच्या आधी गावी आले, एसटीतून उतरले आणि तो वास नाकात शिरला. त्याच्या मागोमाग मला ऐकू आलं ते मात्र दुसरंच काही. ‘टक्’. आवळून धरलेलं काहीतरी एकदम तुटावं तसा लहानसा, समाधानी आवाज. आसपास तसलं काहीच वाजत नव्हतं. तो आवाज माझ्या डोक्यातला होता, आणि तो एका वेगळ्याच वर्षीच्या सोयाबीनचा होता.

त्या वर्षी मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते, आणि आमच्या गोदामात विमान होतं.

हे वाक्य मी पुण्यात कुणाला सांगितलं की समोरचा हसतो. मग मी ‘खरंच’ म्हणते आणि तो आणखी हसतो. म्हणून आधी माणसं सांगते. नलूआत्या म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण. जन्मभर तिनं सरकारी प्रशिक्षण संस्थेत मुलांना पत्राकाम शिकवलं. पत्रा मापायचा, कापायचा, वाकवायचा, जोडायचा. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारणारे थकून गप्प झाले तेव्हा ती निवृत्त होऊन बाबांच्या घरी राहायला आली. डोळ्यांवरचा चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, पदर कमरेला खोचलेला, आणि बोटांच्या पेरांवर जुन्या कापल्याच्या पांढऱ्या रेघा. तिच्या संस्थेतल्या एका प्रदर्शनाला नागपूरचे देवधर साहेब पाहुणे म्हणून आले होते. आयुष्यभर विमानं चालवलेला आणि नव्या मुलांना शिकवलेला हा माणूस. त्यांनी परदेशातून एका लहान, दोन माणसांच्या धातूच्या विमानाचा संच मागवला होता, घरी बांधायला. रीतसर परवानग्या घेतल्या होत्या. पण पत्र्याशी त्यांचं जमेना. प्रदर्शनात त्यांनी आत्यानं केलेली एक साधी पत्र्याची पेटी उचलली, तिच्या कडांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “ताई, तुम्ही निवृत्त कधी होता?”

अशी ती खोकी आमच्या रस्त्याकडेच्या टिनाच्या गोदामात आली. बाबा शेतकरी माणूस, सोयाबीन आणि तूर पिकवणारे. त्यांनी खोकी उतरवून घेतली, आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, “नले, हे कायचं हाय? कूलर हाय का?”

“विमान हाय, दादा.”

“विमान!” बाबांनी पत्र्याचा एक तुकडा उचलून हलवला. तो वावटळीत सापडलेल्या पत्रिकेसारखा थरथरला. “हे? हे तं फुकलं तं उडून जाईन.”

“म्हनूनच तं,” आत्या म्हणाली.

मी नवरात्रात गावी पोहोचले तोवर पंख बांधून झाले होते. भिंतीला गोधड्या टेकवून त्यांवर ते उभे केले होते, एखाद्या मोठ्या पक्ष्यानं अंग काढून ठेवावं तसे. उरलं होतं शेपटीचं काम. मला दिवसभर बसून कंटाळा यायचा. आई म्हणायची, त्या घर्रघर्रीत जाऊन बसू नको. ड्रिल सुरू झालं की पोटातलं बाळ खरंच वळायचं, कूस बदलायचं. पण ‘टक्’ला ते दचकायचं नाही. मी बाजेवर बसून आत्याकडे पाहत राहायची आणि माझे प्रश्न सुरू व्हायचे. आत्याचा एक स्वभाव होता. विचारलेल्या प्रश्नाला ती तोंडानं उत्तर देत नसे. “सांगून काय होते? चाल, पाहू,” म्हणायची आणि हातात काहीतरी घ्यायची.

माझा पहिला प्रश्न होता, ह्याला आंधळा रिव्हेट काहून म्हणतात?

साध्या रिव्हेटला दोन माणसं लागतात. एक अलीकडून ठोकतो, दुसरा पलीकडे जड लोखंड धरून उभा राहतो, तेव्हा त्याचं शेपूट चेपतं आणि दोन पत्रे एक होतात. पण विमानाचं शेपूट एकदा बंद झालं की त्याच्या आत कुणाचा हात जाणार? तिथं हा आंधळा रिव्हेट. मी तो तळहातावर घेऊन किती वेळा पाहिला असेल. एक ठेंगणी पोकळ नळी, वर छत्रीसारखी टोपी, आणि नळीतून आरपार गेलेला खिळा. खिळ्याचं डोकं पलीकडच्या टोकाला. नळी भोकात घालायची, बाहेर उरलेला खिळा हातातल्या गनच्या तोंडात द्यायचा आणि मूठ आवळायची. गन खिळ्याला मागे ओढते. पलीकडे, जिथं कुणाची नजर पोहोचत नाही तिथं, खिळ्याचं डोकं नळीत घुसू पाहतं, नळी फुगते आणि पत्र्याला पाठीमागून धरते. ताण वाढत जातो. मग खिळा मानेशी तुटतो. टक्.

“पण मागं ती नळी खरंच फुगली हे कसं समजायचं?” मी विचारलं.

आत्यानं चष्मा खाली सरकवला. “काहून? भरवसा नाही काय?”

“नाही.”

“हे मस्त झालं,” ती म्हणाली. “इतके वर्स शिकवलं, एकाही पोट्ट्यानं मले हे विचारलं नाही. सगळे टक् वाजलं की पुढं जात.”

त्या दिवशी तिनं शेपटीचं काम बाजूला ठेवलं. पत्र्याचे दोन भंगार तुकडे घेतले, एकावर एक ठेवले, भोक पाडलं. भोक पाडल्यावर तुकडे पुन्हा वेगळे करून कडेला उठलेली धातूची बारीक कुसळं साफ केली. ती राहिली तर दोन पत्र्यांच्या मध्ये खड्यासारखी बसतात आणि पत्रे एकमेकांना नीट टेकत नाहीत. मग रिव्हेट ओढला. टक्. आणि तो तुकडा शिकंज्यात घट्ट पकडून तिनं करवतीनं रिव्हेटच्या मधोमध, उभा कापला. कानशीनं घासला. धुतला. माझ्या हातात भिंग दिलं.

मी तो आतला भाग पाहिला तेव्हा मला काय वाटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. बाहेरून चापट टिकलीएवढा दिसणारा तो रिव्हेट आत एखाद्या झाडाच्या बुंध्यासारखा होता. भोकाच्या भिंतीला नळी इतकी चिकटलेली की मध्ये रेघही दिसेना. पलीकडे ती कमळाच्या कळीसारखी फुगून पत्र्यावर बसलेली. आणि मधोमध तुटलेल्या खिळ्याचा तुकडा, बाटलीत बूच बसावं तसा अडकून राहिलेला. तो तिथंच राहायला हवा असतो. तोही ओझं वाहतो आणि पाणी आत जाऊ देत नाही.

पुढचे दिवस मी भिंग घेऊनच गोदामात जायची. आत्या माझ्यासाठी मुद्दाम चुकीचे नमुने करायची. भोक जरासं मोठं, किंवा नळी जाडीच्या मानानं लांब, किंवा आखूड. मग कापून पाहायचं. लांब नळी मागे वेडीवाकडी लोंबते. आखूड नळीला पलीकडे धरायला काही उरतच नाही, पण वरून तिची टोपी तेवढीच गोजिरी दिसते. काठाच्या फार जवळ लावलेला रिव्हेट ओढल्यावर पत्र्याची कड फाडून बाहेर येतो. स्टीलचा रिव्हेट जास्त मजबूत, मग तोच का नाही वापरायचा, हा माझा आणखी एक प्रश्न. त्यावर तिनं मिठाच्या पाण्यात दोन नमुने बुडवून खिडकीत ठेवले आणि म्हणाली, “थांब. याले येळ लागते.” बऱ्याच दिवसांनी काढून पाहिलं तर स्टीलच्या टोपीभोवतीचा ॲल्युमिनियमचा पत्रा पांढऱ्या पिठासारखा फुलून आला होता. दोन वेगळे धातू ओलीत एकमेकांना टेकले की त्यातला एक धातू झिजतो. मजबूत असणं निराळं आणि शेजारी नांदणं निराळं, असं मी तेव्हा म्हणाले. आत्या म्हणाली, “हे तुह्या सासरी सांगजो.”

बाबा रोज वावरातून येता-जाता दारात उभे राहायचे. आत यायचे नाहीत. “झालं का तुमचं खुराडं?” विचारायचे, हसायचे आणि जायचे. पण मी पाहत होते, त्यांचं उभं राहणं रोज थोडं लांबत होतं. एकदा आत्या पंखाच्या कडेवर रिव्हेटांची रांग तपासत होती, डोळे मिटून, नुसत्या बोटांनी. बाबा कितीतरी वेळ पाहत राहिले. जाताना मला हळूच म्हणाले, “लहानपनी हे अशीच ज्वारीच्या कनसावरून बोटं फिरवे. दाने भरले का नाही ते पाहाले.”

दसरा झाला. शेपटीचा उभा भाग, विमानाला डावी-उजवी वळवणारा, टेबलावर घेतला होता. त्यात पत्रा एकीकडून जोडून, दुसरीकडून झाकून आणायचा असतो. दोन्ही बाजू पूर्ण झाल्या की वरचं टोक बंद. त्याच दिवसांत आत्याचा फोनवर देवधर साहेबांशी बोलण्याचा सूर बदलला. रिव्हेट संपत आले होते आणि नवी खेप कुठल्यातरी बंदरावर कागदांत अडकली होती. “डबा पाह्यते अन् काळजी लागते,” ती आईला म्हणाली. डबा म्हणजे आमच्या घरातला शेवेचा जुना स्टीलचा डबा. त्यात रिव्हेट ठेवलेले असायचे.

पण तो डबा काही संपेना. आत्यालाच नवल वाटलं. “माहा अंदाज चुकला,” म्हणाली आणि खूश होऊन काम करत राहिली. एकदोनदा मात्र तिनं गन हातात तोलून पाहिली. “आज हात हलका लागून राह्यला,” म्हणाली. आदल्या दिवशीच गनला तेल दिलं होतं, तेव्हा तेही पटण्यासारखं होतं.

टोक बंद करायच्या दिवशी सकाळी मी लवकर गोदामात गेले. पूर्वेचं दार उघडं होतं आणि कोवळं ऊन थेट टेबलावर आलं होतं. शेपटीचं तोंड अजून उघडं. मला फक्त आत पाहायचं होतं, ती जागा कायमची बंद व्हायच्या आधी. एवढीच माझी हौस. मी वाकता येईल तेवढी वाकले आणि डोळा लावला.

आत काळोख होता. आणि त्या काळोखात, खालच्या एका रांगेत, उजेडाचे ठिपके होते. मोहरीएवढे, एकामागोमाग एक, ओळीनं. मला ते इतकं सुंदर वाटलं की मी बराच वेळ तशीच पाहत राहिले. मग मनात आलं, वरच्या रांगांमधून उजेड का येत नाही?

आत्या चहाचा कप घेऊन आली. मी म्हटलं, “आत्या, ह्या रांगेतून ऊन येते, त्या रांगेतून येत नाही. काहून?”

तिनं कप खाली ठेवला. माझ्या शेजारी वाकली. तिचा श्वास मला ऐकू येत होता, आणि मग तो ऐकू येईनासा झाला. ती उठली, शेपटी दोन्ही हातांनी उचलली आणि कानाशी धरून हलवली. आत काहीतरी खुळखुळलं. वाळल्या शेंगेत दाणे वाजतात तसं.

“बूच पडले,” ती म्हणाली.

तिनं डबा टेबलावर उपडा केला. खिडकीशी बसून आम्ही दोघी एकेक रिव्हेट निवडू लागलो, तांदूळ निवडावे तशा. थोड्या वेळानं मलाही दिसू लागलं. काहींचा रंग किंचित भुरा, काहींचा चांदीसारखा. चांदीसारख्या रिव्हेटच्या खिळ्याचं डोकं गोल, गुळगुळीत, दुसऱ्याचं चापट. टोपी मात्र हुबेहूब सारखी. तेवढ्यात बाबा दारात आले. आमच्या पुढ्यातल्या दोन ढिगांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“समजलं का मंग?” ते म्हणाले. “मीच आनले! तू फोनवर बोलत होती न, संपून राह्यले म्हनून. मालाची गाडी घेऊन वाशिमले गेलो होतो. तुह्या डब्यातला एक खिशात टाकून नेला. दुकानदाराले म्हनलं, हा असाच दे, हुबेहूब. त्यानं माप लावून देल्ले. मी डब्यात टाकून देल्ले, सांगतलं नाही. म्हनलं, पाहू कधी ध्यानात येते.”

आत्यानं हातातला रिव्हेट ढिगात ठेवला. मी तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं.

“काय झालं, नले?”

मला वाटलं, आता ती संतापेल. तिचा हक्कच होता. पण तिनं चष्मा लावला, भंगारातून दोन तुकडे उचलले आणि म्हणाली, “ये दादा. बस. पाहू.”

बाबा पहिल्यांदा त्या गोदामात आत येऊन बसले. तिनं दोन्ही रिव्हेट शेजारी शेजारी लावले. एक चांगला, एक बाबांनी आणलेला. गन बाबांच्या हातात दिली. पहिल्याला त्यांनी मूठ आवळली, मनगटाच्या शिरा उभ्या राहिल्या. टक्. दुसऱ्याला निम्म्या जोरातच टक्. तिनं दोन्ही कापले, घासले, पाण्यात धुतले. भिंग मी दिलं.

बाबा खूप वेळ पाहत होते. बाजारातला रिव्हेट भोकात सैल उभा होता, भोवती केसाएवढी फट. मागचं फुगणं एका अंगालाच झालं होतं. आणि मधली नळी रिकामी होती. खिळ्याचं डोकं कधीच गळून पडलं होतं.

“आपल्या छपराच्या पन्हाळ्याले तं हेच लावलेले हायेत,” बाबा म्हणाले. “इतके वर्स झाले, हाललं नाही.”

“पन्हाळ्याले हेच पाह्यजेत, दादा. याच्यात काई वाईट नाही. पन पन्हाळं वर जाऊन हालत नाही.”

“मी तं मदत करून राह्यलो होतो.”

“मले ठाव हाय.”

“देवधर साहेबाले सांगू नको,” बाबा एकदम म्हणाले. “आपन काढून टाकू. त्याईले काय समजते?”

आत्यानं फोन उचलला आणि आमच्यासमोरच लावला. झालं ते सगळं सांगितलं. फक्त ‘माझ्या भावानं’ हे शब्द आले नाहीत; ‘आमच्याकडून दुसरे रिव्हेट मिसळले गेले’ असं ती म्हणाली. पलीकडून देवधर साहेबांचा आवाज आला, “काढता येतील?”

“येतील. पण भोकं बिघडली तर तो पत्रा जाईल. दुसरा कधी येईल सांगता येत नाही.”

“हरकत नाही, सावकाश काढा.” मग ते म्हणाले, “नलिनीताई, पंखांचं काम कसं झालंय हे मी तुम्हाला आजवर दहादा विचारलं असेल. आजचं तुम्ही आपणहून सांगितलंत. आता विचारणार नाही.”

फोन ठेवल्यावर आत्या त्याच्याकडे बघत बसली. बाबा उठून गेले.

दुसऱ्या दिवशी आमच्या वावरात मळणीयंत्र यायचं होतं. सोयाबीनच्या दिवसांत त्याचा नंबर लागणं म्हणजे काय असतं ते गावातल्या माणसालाच समजतं. त्यात आभाळ भरून आलेलं. सोंगलेल्या सोयाबीनची सुडी, म्हणजे गंजी, लावून ठेवलेली, एक सर आली तर दाणा काळा पडणार. बाबा एरवी अशा दिवशी कुणाला घास घशाखाली उतरू देत नाहीत. सकाळी त्यांनी आईला म्हटलं, “तू जाय वावरात. यंत्रवाल्यापाशी उभी राह्यजो. मले इथं काम हाय.”

आई काही विचारणार होती. त्यांच्या तोंडाकडे पाहून तिनं डोक्याला रुमाल बांधला आणि निघाली.

रिव्हेट काढणं हे लावण्यापेक्षा अवघड. आधी आतला उरलेला खिळा बारीक टोच्यानं मागे ठोकायचा. मग ड्रिल बरोबर मधोमध धरून फक्त टोपी कापायची, पत्र्याला धक्का न लावता. टोपी सुटली की ती ड्रिलच्या टोकावर अंगठीसारखी चढून गरगर फिरते. थांबायचं. मग नळी मागे ढकलायची. जरा हात हलला की भोक लांबट होतं. आत्यानं पहिले काही काढून दाखवले आणि ड्रिल बाबांपुढे धरलं.

“मी? नाई. माहा हात नांगराचा.”

“नांगर सरळच लागते न, दादा?”

बाबांनी ड्रिल घेतलं. मी आयुष्यात त्यांना इतकं घाबरलेलं पाहिलं नाही. कपाळावरून घाम टपकत होता आणि बाहेर थंड वारा सुटला होता. दूर वावरातून यंत्राचा घरघराट येत होता, इथे ड्रिलचा. टोपी वर चढली की ते मशीन थांबवून ती बोटानं काढायचे, फुंकर मारायचे, आणि भोक आत्याला दाखवायचे. आत्या एक मोजणीचा दांडा भोकात घालून पाहायची आणि मान हलवायची. तेवढ्यावर पुढचा. दुपारी चार थेंब टिनावर वाजले. बाबांनी वर पाहिलं. आत्या म्हणाली, “जा दादा, वावरात जा.” ते म्हणाले, “नाई.” थेंब थांबले.

संध्याकाळकडे एका भोकात त्यांचा हात सटकला. ड्रिल तिरकं गेलं आणि भोक लांबट झालं. बाबांनी ड्रिल खाली ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसले. ज्याच्यासाठी त्यांनी सुडी सोडली होती तेच बिघडलं, असं त्यांच्या तोंडावर होतं. आत्यानं भिंगातून पाहिलं, काठापासूनचं अंतर मोजलं, मग पुढच्या मापाच्या जाड रिव्हेटची पुडी काढली.

“याच्यासाठीच मोठं माप असते,” ती म्हणाली. “भोक गोल करून घेऊ. काठ पुरेसा हाय. भागते.”

“भागते म्हंजे? का मले बरं वाटाव म्हनून?”

आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं. “अशा गोष्टीत मी कोनाले बरं वाटाव म्हनून बोलत नाही.”

ते ऐकून बाबांचा चेहरा सैल झाला. मी समजत होते की माणसाला धीर हवा असतो तेव्हा गोड शब्द हवे असतात. त्यांना त्या क्षणी हवं होतं ते हेच, की समोरचं माणूस खोटं बोलणार नाही.

आई अंधार पडता पडता परतली, भुवयांपर्यंत कुटारानं माखलेली. सगळा दाणा पोत्यांत भरला होता. तिनं गोदामात डोकावून पाहिलं तेव्हा भाऊ-बहीण टेबलाच्या दोन बाजूंना बसून सुटलेल्या टोप्या वाटीत गोळा करत होते.

नवे रिव्हेट आले ते मी वाशिमच्या दवाखान्यातून मुलीला घेऊन घरी आल्यावर. तुरीला फुलं होती. मी बाळाला मांडीवर घेऊन ऊन खात दारात बसायची आणि आतून टक्, टक् येत राहायचं. आता दोन वेगवेगळे ठेके होते. आत्याचा सलग, आणि एक थांबत थांबत येणारा. प्रत्येक टक्‌नंतर बाबांचं तेच, “पाह्य बरं.”

विमान ट्रकवर चढून परजिल्ह्यातल्या एका जुन्या धावपट्टीवर गेलं, तिथं जोडलं गेलं, तपासणारे येऊन गेले, महिने गेले. पहिल्या उड्डाणाला आम्ही सगळे गेलो होतो. देवधर साहेब एकटेच बसले. ते पांढरं, लहानसं विमान धावलं, हललं आणि जमिनीशी त्याचा संबंध सुटला. आई हात जोडून उभी. मी मुलीला वर दाखवत होते आणि ती माझ्या कानातल्या डुलाकडे पाहत होती. बाबांनी वर पाहिलंच नाही. ते जमिनीकडे पाहत आवाज ऐकत होते.

विमान उतरून थांबलं, तसे सगळे देवधर साहेबांकडे धावले. आत्या गेली शेपटीकडे. बाबा तिच्या मागे. रिव्हेट सैल असेल तर उडताना तो अगदी बारीक हलतो, घासतो आणि टोपीच्या मागे धुरासारखा काळा ओघळ सोडतो. पत्राकामातली माणसं म्हणतात, रिव्हेट धूर टाकतो. आत्या एका बाजूनं, बाबा दुसऱ्या बाजूनं, दोघं अंगठा घासत वरपासून खालपर्यंत गेले. मग बाबांनी शेपटीवरून हात पलीकडे काढला आणि अंगठा बहिणीला दाखवला. स्वच्छ होता.

मला तोवर एक गोष्ट ठाऊक नव्हती. आत्या आयुष्यात कधीच विमानात बसली नव्हती. तिला उडायचंही नव्हतं. हे असलं काही बांधायला का घेतलंस, असं मी तिला एकदा विचारलं होतं, तेव्हा म्हणाली, “इतका पातळ पत्रा एवढं वजन कसा पेलते, ते मले पाहाचं होतं. बस.” पण चाचणीची सगळी उड्डाणं पार पडली आणि पुढच्या थंडीत देवधर साहेबांनी निरोप धाडला, की आता दुसऱ्या खुर्चीवर नलिनीताई बसतील आणि त्याशिवाय मी विमान बाहेर काढणार नाही.

बाबांनीच तिला पायरीवरून वर चढवलं. तिनं साडीचा काचा मारला होता आणि वरून बाबांचा स्वेटर. विमान उठलं, तुरीच्या वावरांवरून वळलं, आणि या वेळी बाबा मान मोडेपर्यंत वर पाहत राहिले.

ती उतरली तेव्हा आम्ही सगळ्यांनी गराडा घातला. बाबांचा आवाज सगळ्यांत मोठा. “काय दिसलं, नले? वरून काय दिसते? नदी दिसली का? मानसं केवढाली दिसतात?”

आत्या गोंधळली. तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“खाली पाह्यलंच नाही, दादा,” ती म्हणाली. “मी पूर्ण येळ पंखाकडेच पाहून राह्यली होती.”

देवधर साहेब मोठ्यानं हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी तिच्या खांद्यावरचा स्वेटर नीट केला, वरचं बटण लावलं आणि तिला पुन्हा विमानाकडे वळवलं.

“जाय परत,” ते म्हणाले. “पंखाचं मी पाह्यलं हाय. आता खाली पाह्यजो.”